हाब्बोच्या केलचं बी

माणूस गेला, की त्याच्या बागेचा करार पुढच्या महिन्याच्या अखेरीला आपोआप संपतो. हे वाक्य फेन्ना आयलर्सनं पहिल्यांदा वाचलं, तेव्हा तिला त्यातल्या 'आपोआप' या शब्दाचं फार कौतुक वाटलं. तिचे वडील हाब्बो नोव्हेंबरच्या चार तारखेला गेले होते आणि त्यानंतर एकही गोष्ट आपोआप झालेली नव्हती. टेलिफोन बंद करायला तीन पत्रं लिहावी लागली. चष्म्याच्या दुकानातून तर दर आठवड्याला निरोप येत होता, की चष्मा तयार आहे, तरी ग्राहकानं स्वतः येऊन नाकावर बसतो का ते पाहून जावं. बाग तेवढी आपोआप जाणार होती.

पत्राखाली सही होती 'बांधाकाठ बागसंघ'चे अध्यक्ष रीम्ट फोल्कर्ट्स यांची. समुद्राच्या बांधामागे चौसष्ट बागा, प्रत्येकीत एक लाकडी खोपी, आणि चौसष्ट बागांवर मिळून एकशे बारा नियम, असा हा संघ. रीम्टनी चाळीस वर्षं सरकारी नोकरीत समुद्राच्या बांधाची उंची मोजली होती. निवृत्तीनंतर तीच मोजपट्टी ते शेजाऱ्यांच्या कुंपणांना लावत. फेन्नाला सायकल शिकवली ती याच रीम्टकाकांनी. एकतीस वर्षं ते हाब्बोंच्या बाकावर बसून चहा पीत आणि हाब्बोंचं कुंपण सात सेंटीमीटर उंच आहे म्हणून भांडत आले होते. पण पत्रात ते लिहीत होते, 'आदरणीय श्रीमती आयलर्स, आपणांस कळविण्यात येते की'. कुंपणावरून बोलताना 'तू' आणि कागदावर 'आपण' हा त्यांचा शिरस्ता होता. बायकोला वाढदिवसाचं कार्डही ते 'आपण' असंच लिहीत, असं लोक म्हणत.

फेन्ना पत्र घेऊन त्यांच्या बागेच्या फाटकाशी गेली.

"मॉइन, रीम्टकाका. बाबांची केल उभी आहे."

"दिसते की मला. झकास उभी आहे."

"ती जुलैपर्यंत उभी राहायला हवी."

"करार डिसेंबरअखेर संपतो, पोरी."

"तिला ते माहीत नाही."

"कुणाला?"

"केलला."

रीम्टनी टोपी काढली, आत पाहिलं आणि परत घातली. अडचणीचा प्रश्न आला की ते नेहमी टोपीत बघत.

केलचं असं असतं, की ती घराण्यानं कोबीचीच, पण गड्डा धरायचा नाही असा पण केलेली. पहिल्या वर्षी ती नुसती उंच होते. हाब्बोंची तर माणसाच्या खांद्याला लागायची. कडाक्याची थंडी पडून पानं गोठली की ती गोड होते, आणि इथली माणसं तोवर तिला हात लावत नाहीत. बी मात्र ती दुसऱ्या वर्षीच्या उन्हाळ्यात देते. म्हणजे ज्याला बी हवं, त्यानं सगळं गाव ताटावर बसलेलं असताना आपली सर्वांत देखणी झाडं नुसती बघत हिवाळा काढायचा. हाब्बोंनी हे आयुष्यभर केलं. दर मे महिन्यात ते खोक्यांत रोपं भरून चौसष्ट फाटकांवर फिरत. साऱ्या वसाहतीत त्यांचीच केल होती, आणि बी मात्र दुसऱ्या कुणीही कधी धरलं नाही. विहीर शेजारी असताना रांजण कोण भरून ठेवतो?

खोपीत एका चहाच्या डब्यात फेन्नाला जुनं पाकीट सापडलं. त्यावर नऊ वर्षांपूर्वीचं साल होतं. तिनं पन्नास दाणे ओल्या कागदात गुंडाळून स्वयंपाकघरातल्या गरम नळाशेजारी ठेवले. चौदा दिवसांनी त्यांना फक्त वास आला. त्यानंतरचं बी संपलं होतं आणि नवं यंदा धरायचं होतं. इतरांच्या बागांतली केल ताटात जाणार होती, उरली होती ती बागेच्या मागच्या टोकाला, ओहोळाकाठी उभी असलेली अकरा झाडं. तीही गेली, तर हाब्बोंची केल जगातून गेली.

हे तिनं रीम्टना सांगितलं नाही. फेन्ना गावच्या ग्रंथालयात सव्वीस वर्षं काम करत होती आणि जे लोकांनी समजून घ्यावं, ते तोंडानं सांगणं तिला असभ्य वाटे. ती एवढंच म्हणाली, की बी धरायचा विचार आहे. कुठल्या झाडांचं, ते बोलली नाही.

"कलम चौदा," रीम्ट म्हणाले. "जमीन गोठलेली असेल, तर बाग मोकळी करायची मुदत फेब्रुवारीअखेरपर्यंत वाढवता येते." त्यांनी काठी वाफ्यात खुपसली. काठी वीतभर आत गेली आणि भोकातून पाणी वर आलं. रीम्टनी त्या पाण्याकडे शांतपणे पाहिलं. "गोठलीय," ते म्हणाले आणि वहीत तसं लिहून घेतलं.

शेजारच्या बागेतल्या ओक्का मावशीनं हे सगळं ऐकलं होतं. ओक्का मावशी चौऱ्याऐंशी वर्षांची होती आणि तिची खोपी कुंपणाला अशी चिकटून होती, की तिला काही ऐकू न येणं हेच कष्टाचं काम झालं असतं. तिनं फेन्नाला चहाला बसवलं. तीन कप होईपर्यंत उठायची सोय नव्हती.

"पाटी लाव," दुसऱ्या कपाला मावशी म्हणाली. "'बियाण्याची झाडं, हात लावू नये.' मोठ्या अक्षरात."

"मावशी, दिवसभर मी पुस्तकांवर तेच चिकटवत असते. इथंही? इथले सगळे बाबांचे मित्र आहेत."

"म्हणून तर सांगते. चोर विचार करून हात लावतो. मित्र विचार करत नाही."

फेन्नानं पाटी लावली नाही. हा तिचा पहिला गुन्हा. पुढचे इतरांनी केले, पण पायाभरणी तिची.

फेब्रुवारीच्या पहिल्या शनिवारी संघाची केलची फेरी असते. हातगाडीत बाटल्या, गळ्यात दोरीनं अडकवलेला छोटा पेला, आणि पन्नास माणसं बांधावरून वाऱ्यात चालत जातात. वळण आलं की एक घोट, मेंढी दिसली की एक घोट, आणि त्या बांधावर मेंढ्यांना तोटा नाही. शेवटी कालव्याकाठच्या खानावळीत केलचं जेवण. फेन्नाला जायचं नव्हतं. पण आदल्या दिवशी रीम्ट ग्रंथालयात आले, मासिकांच्या मांडणीआड उभं राहून टोपीत बघत म्हणाले, "ये. यंदा आलंच पाहिजेस." मग ती गेली.

खानावळीच्या दारात बटाटे तोलायचा काटा ठेवला होता. जेवणाआधी प्रत्येकाचं वजन, जेवणानंतर पुन्हा वजन, आणि ज्याचं सर्वांत वाढलं तो वर्षभराचा केलचा राजा. फेन्नानं कोट काढून सभ्यपणे वजन दिलं. तीन महिने ती स्वयंपाकघरात उभ्यानं पाव खात होती. तिला भूक नव्हती.

मग ताट आलं. काळपट हिरवी, डुकराच्या चरबीत तासन् तास रटरटलेली केल, शेजारी ओटचा सॉसेज आणि परतलेले बटाटे. पहिला घास तिनं शिष्टाचार म्हणून घेतला. आणि तिला वाटलं, आता मागून बाबा म्हणतील, 'बूट बाहेर काढलेस का?' थोडी कडू, मग एकदम गोड, आणि शेवटी जिभेच्या मागे अक्रोडासारखं काहीतरी. तिनं मान खाली घातली आणि खाल्लं. दुसरं ताट मागितलं. दुसरं संपवून पातेल्यातलं खरवडून मागितलं. टेबलावरच्या लोकांचं बोलणं हळूहळू थांबलं, आणि सगळे तिच्याकडे बघायला लागले, ते तिला फार उशिरा कळलं.

एक किलो तीनशे ग्रॅम. राजाचा मान गेल्या बारा वर्षांत कुठल्याही बाईला मिळाला नव्हता. डुकराच्या जबड्याचं रीतीप्रमाणे उकळून पांढरं केलेलं हाड फितीला बांधून तिच्या गळ्यात घालण्यात आलं. पन्नास माणसांनी 'राणी!' म्हणून पेले उंचावले. फेन्नाला वाटलं, बाबांनी हे बघायला हवं होतं. हसून हसून त्यांना ठसका लागला असता.

मग रीम्ट उभे राहिले. त्यांनी खिशातून कागद काढला, म्हणजे आता 'आपण' सुरू होणार हे सर्वांना कळलं.

"आपणां सर्वांस विदित आहे की आपला हाब्बो आज आपल्यांत नाही," त्यांनी वाचलं. मग कागद खाली घेतला. "पण तो आज इथं होता. जे आत्ता खाल्लंत ना, ते त्याचं. काल सकाळी कडक गोठण पडली, तेव्हा मी स्वतः कापून आणलं. मागच्या ओहोळाकाठची अकरा. सगळ्या वसाहतीत त्याहून सुंदर केल नव्हती. म्हटलं, त्याच्या आठवणीला त्याचंच सर्वांत चांगलं जेवण व्हायला पाहिजे." आणि रीम्ट फोल्कर्ट्स, ज्यांनी दोन वादळांत बांधावर उभं राहून पापणी हलवली नव्हती, ते रडायला लागले.

सगळी खानावळ रडायला लागली. फेन्ना उठली, "आभारी आहे," असं म्हणाली आणि हाडासकट स्वच्छतागृहात गेली. तिथं तिला वाटलं की ओकून टाकावं. पण ते बाबांचं होतं. ती तशीच उभी राहिली.

ओक्का मावशी मागोमाग आली. "रडणं नंतर," ती म्हणाली. "बुंधे उपटलेत का ठेवलेत, ते विचारलंस?"

विचारायला मावशीच गेली. फेन्ना दाराआडून ऐकत होती.

"रीम्ट, गाढवा, ती बियाण्याची झाडं होती!"

"बियाण्याची? मला वाटलं, बी उरल्यासुरल्या झाडांचं धरतात. ही तर सर्वांत चांगली होती!"

"बियाण्याला काय सर्वांत वाईट ठेवतात? बुंधे कुठायत?"

"जमिनीत. कुदळ लागेना. जमीन गोठलीय."

"खरंच गोठलीय, की तुझ्या वहीत गोठलीय?"

"खरंच," रीम्ट म्हणाले. त्यांचा चेहरा खानावळीच्या भिंतीसारखा पांढरा झाला होता.

मावशी म्हणाली, बुंधे असतील तर आशा आहे. शेंडा कापला तरी केल वसंतात कुशीतून फुटते, कधी फुटते, कधी सडते. प्रश्न एवढाच होता, की वसंत मार्चनंतर येतो आणि मुदत फेब्रुवारीअखेर संपते.

"कलम नऊ," ओक्का मावशी म्हणाली.

"कलम नऊचा काय संबंध?"

"तूच लिहिलंयस. 'राजानं पुढील वर्षीच्या जेवणासाठी केल संघाच्या हद्दीतील स्वतःच्या बागेतून पुरवावी.' ही राणी आहे. हिला बाग नसेल, तर केल कुठून पुरवील? आणि पुरवली नाही, तर नियम कुणी मोडला? तिनं, का तुम्ही?"

रीम्टनी टोपीत पाहिलं. आत बहुधा कलम नऊ होतं. ज्या माणसाला आयुष्यात कुणी चर्चेत हरवलं नव्हतं, तो स्वतःच्याच वाक्याखाली सापडला होता, आणि सुटकेचा एवढा मोठा निःश्वास फेन्नानं कुणा हरलेल्या माणसाच्या तोंडून पूर्वी ऐकला नव्हता.

एप्रिलमध्ये अकरापैकी सात बुंधे फुटले. नखाएवढे, जांभळट हिरवे कोंब. फेन्ना कामावर जाण्याआधी रोज सायकलनं येऊन ते मोजायची. लगेच कबुतरांनाही ते कळलं. उपाय सुचवणाऱ्यांची रांग लागली. कुणी म्हणे चकत्या टांगा, कुणी म्हणे मांजर पाळा, दातांचे निवृत्त डॉक्टर ओल्थोफ म्हणाले, की कबुतरांशी ठामपणे बोलावं, त्यांचे पेशंट अशानंच ऐकत. शेवटी फेन्नानं खोपीतला बाबांचा पिवळा पावसाळी कोट काढून दांडक्यावर चढवला आणि वर त्यांचीच टोपी ठेवली.

कबुतरं दोन दिवसांत कोटाच्या खांद्यावर बसायला लागली. पण तिसऱ्या दिवशी सकाळी धुक्यातून रीम्ट आपल्या फेरीवर आले, कोटाकडे बघून त्यांनी सवयीनं हात वर केला आणि म्हणाले, "मॉइन, हाब्बो." मग त्यांनी तोच हात कानाकडे नेला आणि कान बराच वेळ खाजवला. फेन्ना वाफ्यात वाकून तण काढत राहिली. तिथं तण नव्हतं. दोन दिवसांनी तिनं कोट काढून जाळी लावली, तेव्हा एक झाड गेलेलं होतं. उरली सहा.

मे महिन्यात ती फुलली. कंबरेएवढ्या काड्यांवर फिकट पिवळी फुलं, आणि फुलांबरोबर पाहणी समितीची नोटीस: 'आपल्या बागेत फुलावर गेलेली भाजी आढळली. हे निष्काळजीपणाचं लक्षण मानण्यात येतं.' या नोटिशीनं फेन्ना इतकी दुखावली, की तिनं उत्तराचे चार मसुदे केले आणि एकही पाठवला नाही. आयुष्यात तिनं एकही पुस्तक उशिरा परत केलं नव्हतं.

पण खरं संकट फुलांचं नव्हतं, सोयरिकीचं होतं. केल स्वतःच्याच परागाशी लग्न लावत नाही. सगोत्राचे नियम तिच्यात आपल्याहून कडक. तिला शेजारचं झाड लागतं. आणि मधमाश्यांना कुळ-गोत्र कळत नाही. पलीकडे डॉक्टर ओल्थोफांनी शोभेची जांभळी केल लावलेली होती, नुसती बघायची, तीही बुंध्यावर राहून फुलली होती. तिचा पराग एकदा इकडे आला, की पुढच्या वर्षी हाब्बोंची केल झालर लावलेली, जांभळी आणि चवीला पुठ्ठ्यासारखी.

फेन्नानं घरातले आईच्या वेळचे जाळीचे पडदे आणले आणि बांबूंवर टाकून सहा झाडांभोवती तंबू उभा केला. आत मधमाशी नाही, म्हणून गालाला पावडर लावायचा मऊ ब्रश घेऊन ती स्वतः आत शिरली आणि या फुलावरून त्या फुलावर पराग नेत बसली. ती दर वेळी मनात म्हणायची, दुसरीचा तिसरीला, तिसरीचा पाचवीला. कुंपणापाशी प्रेक्षक जमले. सव्वीस वर्षं जिनं वाचनकक्षात लोकांना 'शू' केलं, ती पडद्याआड फुलांची लग्नं लावतेय, हे गावाला परवडण्यासारखं मनोरंजन होतं.

रीम्ट मोजपट्टी घेऊन आले.

"एक मीटर नव्वद," ते दुःखी होऊन म्हणाले. "एक पंचवीसच्या वर बांधकाम. परवानगी लागते, आणि समिती आता सप्टेंबरात बसणार."

"हे बांधकाम नाही, काका. पडदे आहेत."

"पडद्यांना कलम नाही." त्यांनी वही उलटीपालटी केली. मग एका पानावर ते थांबले. "हे ओले आहेत का?"

"सकाळच्या दवानं थोडे."

"मग ही वाळत घातलेली धुणी झाली. कलम एकतीस. धुणं कितीही उंच चालतं." ते क्षणभर फार खूष दिसले. मग पुढची ओळ वाचली. "फक्त रविवारी आणि सणाला वाळत घालता येत नाही."

अशा रीतीनं सहा आठवडे फेन्नानं शनिवारी संध्याकाळी पडदे उतरवले आणि सोमवारी पहाटे चढवले. मधल्या दिवशी ती खुर्ची टाकून, हातात वर्तमानपत्राची सुरळी घेऊन मधमाश्यांची वाट अडवत बसे. पहिल्या रविवारी तिला तीन ठिकाणी चावे बसले. डॉक्टरांना तिनं विनंती करून पाहिली होती, की फुलं कापाल का. ते म्हणाले, "बाई, आयुष्यभर मी लोकांच्या तोंडातलं काढतच आलो. हे पहिलंच काही माझ्याकडे उगवलंय."

 यावरचं उत्तर ओक्का मावशीला सुचलं. दुसऱ्या रविवारच्या आदल्या संध्याकाळी ती केस विंचरून, ब्रोच लावून, चहाची किटली घेऊन डॉक्टरांच्या फाटकाशी गेली.

"डॉक्टर, किती सुंदर पिवळी फुलं हो! मला कुणी फुलं देऊन बावीस वर्षं झाली."

डॉक्टर ओल्थोफ जुन्या वळणाचे. त्यांनी आत जाऊन कात्री आणली. त्यानंतर दर शनिवारी संध्याकाळी ओक्का मावशीच्या खोपीत जांभळ्या केलच्या फुलांचा ताजा गुच्छ असे, आणि डॉक्टरांच्या केलवर रविवारी एकही फूल नसे.

"वास मात्र कोबीचा येतो," मावशी म्हणाली. "पण माणूस चांगला आहे. तीनही कप पितो."

पण पहिला रविवार गेलाच होता. त्या दिवशी कुठली माशी कुठून आली आणि कुठे बसली, हे कुणालाच सांगता आलं नसतं.

जुलैत शेंगा वाळल्या गवताच्या रंगाच्या झाल्या आणि पाऊस लागला. भिजल्या असत्या तर बुरसल्या असत्या, आणि वाळून जास्त राहिल्या असत्या तर तडकून मातीत गेल्या असत्या. फेन्नानं सहाही झाडं कापून चादरीत गुंडाळली. तिच्या घरात ओल होती. म्हणून तिनं सव्वीस वर्षांत पहिल्यांदा ग्रंथालयाच्या मालमत्तेचा खाजगी वापर केला आणि चादर तळघरात, गरम पाण्याच्या नळांवर, जुन्या वर्तमानपत्रांच्या बांधीव खंडांशेजारी टांगली. चार दिवसांनी वरच्या वाचनकक्षात, पूर्ण शांततेत, टिक्, टिक् असं ऐकू यायला लागलं. वाचकांनी एकमेकांकडे पाहिलं. संचालकांनी सूचना काढली, की इमारतीत उंदीर असून कर्मचाऱ्यांनी डबे झाकून ठेवावेत. ती सूचना फेन्नानंच टाइप केली. संध्याकाळी ती खाली उतरली, दिवा लावला, आणि चादरीच्या पोटात हात घातला. बारीक, गोल, काळे दाणे बोटांमधून वाहिले. मुरंब्याच्या बाटलीत दोन बोटं भरले. ती तिथं तापलेल्या नळाला टेकून बराच वेळ बसली, आणि बाबांना फोन करायला पाहिजे, असं तिच्या मनात येऊन गेलं.

ऑगस्टच्या पहिल्याच दिवशी तिनं त्यातलं चिमूटभर पेरलं. उशीर झाला होता, पण तिला मेपर्यंत थांबवेना. पंचवीस रोपं वाचली. सप्टेंबरात त्यातल्या दोन रोपांच्या शिरा जांभळ्या झाल्या. ती तिनं उपटली. उरलेली तेवीस हिरवी होती. पण हिरवी म्हणजे बाबांचीच असं नाही. चेहरा एकाचा आणि स्वभाव दुसऱ्याचा असं माणसांतही होतं. रंग डोळ्यांना कळतो, बाकीचं फक्त जिभेला, तेही गोठणीनंतर.

गोठण नोव्हेंबरात पडली, डिसेंबरात पडली, जानेवारीत आठ दिवस ओहोळावर बर्फ होता. ओक्का मावशी रोज विचारी, "चाखलीस?" आणि फेन्ना म्हणे, "अजून लहान आहेत." खरं कारण तिनं कुणाला सांगितलं नाही. चाखली नव्हती, तोवर ती बाबांचीच होती.

आणि कलम नऊ येऊन ठेपलं. पन्नास माणसांचं जेवण, आणि राणीच्या बागेत गुडघ्याएवढी तेवीस रोपं. फेन्नानं दोन दिवस आधी शेजारच्या गावी जाऊन, जिथं तिला कुणी ओळखत नाही अशा दुकानातून, गोठवलेल्या केलची सोळा पुडकी आणली आणि खानावळीच्या आचाऱ्याला शपथ घालून दिली.

जेवण झालं. डॉक्टर ओल्थोफांनी डोळे मिटून मान हलवली. "हाब्बोची!" कुणीतरी म्हणालं. "तीच चव! अगदी तीच!" लोकांनी एकमेकांचे हात धरले. एका म्हाताऱ्या बाईनं सांगितलं, की ही चव आपण अंधारातही ओळखू. फेन्नानं दोन घास घेऊन चमचा ठेवला. ती चव कशाचीच नव्हती. सगळे जण जेवत होते आणि तिला सारखी एका माणसाची आठवण येत होती, जो म्हणाला असता, 'ही कसली बर्फात मेलेली भाजी.' तिचं वजन उलट शंभर ग्रॅम कमी भरलं. हाड डॉक्टरांच्या गळ्यात गेलं.

ती लवकर निघाली. रीम्ट मागून आले. दुपारचे चार वाजले होते, बांधावर उजेड पिवळा पडत चालला होता आणि भुरभुर बर्फ सुरू झाला होता. दोघं वसाहतीत शिरली, हाब्बोंच्या फाटकातून मागच्या ओहोळापर्यंत गेली. रीम्टनी काठीनं एकेक रोप मोजलं.

"तेवीस. एकही पान तोडलेलं नाही."

"नाही."

"मग आम्ही काय खाल्लं?"

"विकतची. नियम मोडला, काका. नऊ. लिहून घ्या."

रीम्टनी वही काढली नाही. टोपीही काढली नाही. बर्फ त्यांच्या भुवयांवर बसत होता.

"मी म्हटलं, तीच चव," ते म्हणाले. "मोठ्यांदा म्हटलं. आणि मनात म्हटलं, रीम्ट, तू विसरलास. मला काही आठवतच नव्हतं, फेन्ना. वर्ष झालं, मला त्याचा आवाजही नीट आठवत नाही." त्यांनी काठी रोपांकडे केली. "तू चाखलीस?"

तिनं नकाराची मान हलवली.

"का गं?"

"नसली तर?"

 रीम्ट गुडघ्यावर हात देऊन, कण्हत, बर्फात वाकले. "खालचं पान तोड. ते तसंही गळणारच आहे. एका पानानं झाड मरत नाही."

फेन्नानं हातमोजा काढला. सर्वांत जवळच्या रोपाचं सर्वांत खालचं पान धरलं. कडा गोठून कडक झाली होती. तुटताना आवाज झाला. तिनं ते मधोमध फाडलं, अर्धं रीम्टकाकांना दिलं आणि अर्धं तोंडात घातलं.

दोघं ओहोळाकाठी उभं राहून चावत होती. अंगावर बर्फ पडत होता. कुणी काही बोललं नाही, कारण बोलायचं तर आधी गिळावं लागलं असतं.